कच्चा रकाना

सकाळी सव्वासातला मोमिनपुऱ्यातून जब्बारभाई येतो,
थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात
सहा बकऱ्यांची मूत्राशयं, मोजून.
"मॅडम, दो गुर्दे ऊपर से डाले, बिल में नहीं."
मी सही करते. वहीत लिहिते: ऊतक, ताजं, सहा नग.
गुर्दे लिहीत नाही.

हिंगण्याला, एमआयडीसीत,
जिथं आधी कूलरच्या जाळ्या बनायच्या
त्या शेडमध्ये आता चार हात उभे असतात
प्लास्टिकच्या झग्यात, नवरदेवासारखे अवघडून.
बाहेर सेहेचाळीस. आत अठरा,
कारण यंत्राला घाम चालत नाही.
नवतपात आम्ही स्वेटर घालून काम करतो.

काम असं:
मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रमार्गाचा कापलेला काठ
एकमेकांना शिवायचे. बारा टाके, गोलाकार.
मग निळं पाणी सोडायचं, दीडशे मिली,
आणि खालच्या टिपकागदाकडे बघत बसायचं.
एक जरी ठिपका उमटला तरी नापास.
बाकीची भाषा कंपनीची आहे.
मी मनात एवढंच धरते, की कुणी एक म्हातारा
पुढच्या वर्षी पंगतीत बसेल
आणि उठताना आधी
पायजम्याकडे बघणार नाही.

आज टाके घालायला डॉक्टर हेडाऊ.
सत्तरी उलटून गेलेली. मेडिकलमधली तीस वर्षं,
अजून वॉर्डबॉय त्यांना रस्त्यात ओळखतात.
चहा दिला तर कप बशीत वाजत राहिला.
मी उगाच प्रिंटर सुरू केला.

पेडल कळावे म्हणून बूट काढले,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
विहिरीत वाकून बघावं तसं
डोकं यंत्रात घातलं,
आणि पलीकडे, दहा फुटांवर, सुई उठली.
एक टाका. दुसरा.
काय सुई फिरली हो!
पोरं मोबाइल खाली ठेवून बघत राहिली.

माझ्या पडद्यावर मात्र दोन रेघा.
खालची: यंत्रानं काय केलं.
सरळ, रात्रीच्या रिकाम्या वर्धा रोडसारखी.
वरची: बोटांनी काय सांगितलं.
तिथं सगळा रस्ता खोदून ठेवलेला.
मधे यंत्र थरथर गाळून घेतं.
चोथा माझ्याकडे येतो,
कच्च्या रकान्यात.

सातव्या टाक्याला लाइन गेली.
जनरेटर धरेपर्यंत अकरा सेकंद
चारही हात होते तिथंच, सुई पकडून.
त्यांना तसं शिकवलंय:
कळेनासं झालं की थांबायचं.
"थांबलं काय जी?" आतून आवाज आला.
खालची रेघ निजलेली.
वरची चालूच होती,
माझ्या यूपीएसवर.

बारा टाके. निळं पाणी.
कागद कोरा.
टाळ्या झाल्या, कुणी बर्फी फिरवली,
आणि ते तसेच मोज्यांवर
माझ्या टेबलापाशी आले.

"निनावे, ही वरची कोणाची?"
"तुमची, सर."
बराच वेळ बघितलं,
आधार कार्डावरचा फोटो बघावा तसं.
"कुठं जाते ही?"
"पुण्याला. तिथून पुढं मला माहीत नाही."
"नाव जाते?"
"नाही. फक्त नंबर. तुम्ही चौदा."
"चौदा," ते म्हणाले. "पहिल्यांदा लागला एवढा मागचा नंबर."
हसले. मीही हसले, थोडं उशिरा.

मग खुर्चीत बसून बूट चढवले.
लेस होती.
उजवी बांधून झाली.
डावी सुटली, पुन्हा धरली, पुन्हा सुटली.
सगळे बर्फीत होते. मला उठता आलं असतं.
उठले नाही. खाली मान घालून
फाइलला नाव देत राहिले.
घड्याळात चार मिनिटं झाली,
ती कुठल्याच रकान्यात नाहीत.

संध्याकाळी गुर्दे वॉचमनला दिले.
"वहीत लिहू?" त्यानं विचारलं.
म्हटलं, ने बावा,
खराब होतील.